यान पोचलं, आता वाचणार कोण?

२८ फेब्रुवारी, म्हणजे विज्ञान दिन, जवळ आला की माझ्यासारख्या भौतिकशास्त्राच्या मास्तरांना परीक्षक म्हणून बोलावणी येतात. यंदाही गेलो. शाळेच्या सभागृहात बेचाळीस प्रयोग मांडलेले आणि त्यातली नऊ चांद्रयानं. थर्माकोल, सोनेरी कागद, खाली पीठ आणि राख कालवून केलेली चंद्राची माती. एका यानात मोटर बसवलेली होती. बटण दाबलं की रोव्हर घसरगुंडीवरून हळूच खाली यायचा. काम सुबक होतं, खोटं कशाला बोलू. ते करणाऱ्या नववीतल्या पोराला विचारलं, “बाळा, तिथे उतरून यानं पाहिलं काय?” त्याने पाठ केलेलं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं: १४ जुलै २०२३ला उड्डाण, २३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी उतरलं, दक्षिण ध्रुवाजवळ उतरणारा आपला पहिला देश. मी म्हटलं, “ते झालं. पण पाहिलं काय?” तो थांबला. मागे उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं. मग म्हणाला, “सर, ते सक्सेसफुल झालं न.”

पोराची काय चूक? आपण मोठ्यांनीही त्या संध्याकाळी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या, चौकात फटाके फोडले, पेढे वाटले आणि आठवडाभरात विषय मिटवला. यानाचं खरं काम सुरू झालं ते त्यानंतर. प्रज्ञान रोव्हर जेमतेम १०० मीटर चालला, पण २३ ठिकाणी थांबून त्याने मातीत कोणती मूलद्रव्यं किती आहेत ते मोजलं. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांचा त्यावरचा लेख ऑगस्ट २०२४मध्ये ‘नेचर’मध्ये आला. चंद्र नवा होता तेव्हा त्याच्यावर वितळलेल्या दगडाचा समुद्र होता, जड खनिजं बुडाली आणि हलकी वर येऊन दुधावरच्या सायीसारखी थिजली, अशी एक कल्पना आहे. ती उभी होती मुख्यतः अपोलोच्या अंतराळवीरांनी विषुववृत्ताच्या आसपासून आणलेल्या दगडांवर. आपलं यान उतरलं ६९ अंश दक्षिणेला, आणि तिथेही सायच निघाली. हे ऐकलेला माणूस मला धंतोलीपासून कामठीपर्यंत अजून भेटायचा आहे. फटाके खरे त्या दिवशी फुटायला हवे होते.

माझी तक्रार साधी आहे. यान उडवायला आपण पैसे देतो. त्याने लिहून पाठवलेलं वाचणारी माणसं घडवायला देत नाही. पत्र आलं म्हणून पोस्टमनला बक्षीस द्यायचं आणि पाकीट न फोडता फडताळात ठेवून द्यायचं, असा हा प्रकार आहे. नागपूरसारख्या शहरात तर ही वाचणारी माणसं फार स्वस्तात तयार होऊ शकतात, आणि तेच होत नाही याचा मला राग आहे.

पाकीट उशिरा फोडलं तरी आत काय निघतं, ते पहा. चांद्रयान-१ ऑक्टोबर २००८मध्ये गेलं आणि दोन वर्षं चालायचं ते ऑगस्ट २००९मध्येच मुकं झालं. त्यावर नासाने दिलेला एक वर्णपटमापक होता. चंद्राच्या मातीवरून परतणाऱ्या प्रकाशातले रंग तो सुटे करून मोजायचा. त्यावरून पाण्याचा माग लागला ही बातमी सप्टेंबर २००९ची, ती बहुतेकांना आठवते. पुढची गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. ध्रुवांजवळच्या काही विवरांच्या तळाशी ऊन कधीच पोचत नाही. पण विवराच्या उजळ कडेवरून उडालेला मंद प्रकाश तिथे पडतो, आणि तोही त्या यंत्राने टिपून ठेवलेला होता. त्या अंधुक, गोंगाटाने भरलेल्या नोंदी पुन्हा चाळून शुआई ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८मध्ये दाखवलं की तिथे पृष्ठभागावरच पाण्याचा बर्फ आहे. यान बंद पडून तेव्हा नऊ वर्षं झाली होती. यान आपलं, बर्फ चंद्राचा, आणि वाचणारे हवाई बेटांवरच्या विद्यापीठात बसलेले. मला यात त्यांचा हेवा वाटतो, राग नाही. नोंदी सगळ्यांसाठी खुल्या होत्या.

शुक्राची गोष्ट तर याहून बोलकी आहे. शुक्राभोवती इतके दाट ढग की साध्या कॅमेऱ्याला जमीन दिसत नाही. म्हणून मॅगेलन यानाने १९९०पासून रडारने त्याचा नकाशा काढला. फेब्रुवारी १९९१मध्ये माट मॉन्स या ज्वालामुखीवर एक तोंड दिसलं, वाटोळं, सुमारे २ चौरस किलोमीटरचं. ऑक्टोबरमध्ये यान पुन्हा तिथून गेलं तेव्हा त्याच तोंडाचा आकार बिघडला होता आणि ते जवळपास दुप्पट झालं होतं. म्हणजे शुक्रावर ज्वालामुखी आजही जागे आहेत, याचा पुरावा दोन चित्रांत पडून होता. तो दिसला २०२३मध्ये! अलास्का विद्यापीठातले रॉबर्ट हेरिक यांनी सुमारे २०० तास एकाच जागेची वेगवेगळ्या वेळची चित्रं शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा. दोन वेळा रडारचा कोन वेगळा, त्यामुळे तीच टेकडी दोन चित्रांत दोन टेकड्यांसारखी दिसते आणि संगणकाला हे जुळवणं अवघड जातं. शेवटी कामाला आले ते डोळे आणि चिकाटी. आमच्याकडे परीक्षेच्या काळात पोरं रोज सहा-सात तास अभ्यासिकेत बसतात. २०० तास म्हणजे त्यांचा एक महिना.

आणि मोठ्या विद्यापीठाचा शिक्का हवाच असंही नाही. सप्टेंबर २०१९मध्ये चांद्रयान-२चं विक्रम लँडर कोसळलं. चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाने त्या जागेचं चित्र काढून सगळ्यांसाठी खुलं केलं. लँडर कुठे पडलं ते सापडत नव्हतं. चेन्नईचे षण्मुग सुब्रमण्यन हे संगणक अभियंता. नोकरी सांभाळून त्यांनी पडण्याआधीची आणि नंतरची चित्रं ठिपक्याला ठिपका लावून ताडली. एक पांढरा ठिपका आधी नव्हता, नंतर होता. त्यांनी नासाला कळवलं, नासाने तपासलं, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांचं नाव घेऊन जाहीर केलं की हा विक्रमचाच तुकडा. हे काही वैज्ञानिक क्रांतीचं काम नव्हे. अवशेष शोधले एवढंच. पण घरचा लॅपटॉप, फुकटचं चित्र आणि बसायची तयारी यावर काय होतं, ते दिसलं.

मागच्या हिवाळ्यात मी माझ्या दोन विद्यार्थिनींना घरी बोलावलं आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. एलआरओच्या चित्रांसाठी क्विकमॅप म्हणून एक सोय आहे. ब्राउझरमध्ये चंद्र उघडतो, बोटाने सरकवत, मोठं करत जायचं. पहिली पाच मिनिटं दोघी हरखल्या. मग त्यातली एक म्हणाली, “सर, इथे खड्डे नाही, फुगे दिसून राहिले.” बरोबर होतं तिचं. ऊन वरून येतं याची आपल्या डोळ्याला इतकी सवय असते की चित्रात ऊन खालून आलं की विवरं उलटी होऊन टेकड्या दिसायला लागतात. लॅपटॉपच उलटा धरला. क्षणात फुगे बसले, खड्डे झाले. दोघी किंचाळल्याच, आतून बायको पाहायला आली.

मग खरं काम काढलं. एक मोठा धोंडा होता, त्याची काळी सावली सपाट जमिनीवर पडलेली. चित्रात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा अर्धा मीटर. सावली मोजली, ४० ठिपके, म्हणजे २० मीटर. आता धोंड्याची उंची किती? दहावीच्या भूमितीत हेच असतं. झाडाची सावली दिलेली, सूर्याचा कोन दिलेला, झाडाची उंची काढा. चार गुणांचं गणित. तिथे झाड कुठल्याच बागेतलं नसतं, म्हणून पोरं ते पाठ करून विसरतात. इथे धोंडा खरा होता. चित्रासोबतच्या माहितीत कोन ७५ अंश दिलेला. एकीने टॅन ७५ काढलं, ३.७३ आलं, २०ने गुणलं. साडेचौऱ्याहत्तर मीटर! “म्हणजे चोवीस मजली बिल्डिंग झाली सर.” मी विचारलं, पटतं का? ती म्हणाली, सावलीपेक्षा उंच धोंडा... असू शकते न? मी काही बोललो नाही. घरी जाऊन पुन्हा बघ म्हटलं, आणि त्यांना पोहे दिले.

या विषयावर बोललं की पहिला प्रश्न ठरलेला: देशात इतकी गरिबी असताना यानांवर पैसा कशाला? मला हा प्रश्न कमअस्सल वाटत नाही. विदर्भात बसून तो कोणी विचारला तर त्याला उडवून लावायचा हक्क कोणाला नाही. चांद्रयान-३वर सुमारे ६०० कोटी रुपये गेले, मंगळयानावर सुमारे ४५०. ‘एका सिनेमापेक्षा स्वस्त’ हे उत्तर मला आवडत नाही. सिनेमाचा पैसा माझ्या करातून गेलेला नसतो. माझं उत्तर वेगळं आहे. पैसा गेला, आता तो वसूल करा. विहीर खणून झाल्यावर तिच्यावर मोट बसवायची नाही आणि मग खणण्याचा खर्च वाया गेला म्हणून रडायचं, यात शहाणपण नाही. चांद्रयान-२ आणि ३च्या नोंदी बेंगळुरूजवळ ब्यालालूच्या इस्रोच्या माहिती केंद्रात साठवल्या आहेत आणि ‘प्रदान’ नावाच्या पोर्टलवर नाव नोंदवलं की उतरवून घेता येतात. कर भरणाऱ्याला त्यावर वेगळा रुपया मोजावा लागत नाही.

दुसरा आक्षेप माझ्याच खोलीतल्या सहकाऱ्यांचा. हे तज्ज्ञांचं काम, कॉलेजच्या पोरांनी लुडबूड कशाला? तज्ज्ञ किती आणि माल किती, याचा आधी हिशेब करू. एकट्या एलआरओने २००९पासून पाठवलेला ऐवज एक पेटाबाइटच्या वर आहे; दुकानात मिळते ती एक टेराबाइटची हार्ड डिस्क घेतली तर अशा हजाराहून जास्त लागतील. गुरूभोवती फिरणाऱ्या जूनो यानावरच्या कॅमेऱ्याची तर कच्ची चित्रंच लोकांसमोर टाकली जातात आणि रंग जुळवून, सांधून देण्याचं काम जगभरचे हौशी लोक करतात.

आणि तज्ज्ञही एकटे असले की चकतात. १० मार्च १९७७ला युरेनस एका ताऱ्यावरून सरकणार होता. तमिळनाडूतल्या कावलूरला एक मीटरच्या दुर्बिणीवर जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी बसले होते. ग्रह ताऱ्याला झाकायच्या आधीच ताऱ्याचा प्रकाश काही क्षण दबला. त्यांनी ते नेमकं टिपलं आणि ‘नेचर’मध्ये कळवलं, ‘युरेनसचा नवा उपग्रह’. त्याच रात्री हिंदी महासागरावर विमानात दुर्बीण घेऊन अमेरिकन चमू उडत होता. वेळेचा अंदाज चुकू नये म्हणून त्यांनीही यंत्र बरंच आधी सुरू केलेलं. त्यांना ग्रहाच्या अलीकडे पाच वेळा प्रकाश दबलेला दिसला आणि पलीकडेही तसाच पाच वेळा. दोन्ही बाजूंना सारखं, म्हणजे उपग्रह नव्हे, कडी! युरेनसला कडी आहेत हे असं कळलं. आपल्या माणसांची नोंद अस्सल होती, फक्त शेजारी ठेवून पाहायला दुसरी नोंद हाताशी नव्हती. मला ही गोष्ट दरवेळी हुरहूर लावते. आज दुसरी नोंद एका टिचकीवर आहे.

तिसरा प्रश्न आईबापांचा, आणि तो सगळ्यात रास्त: यातून नोकरी लागते का? चंद्र वाचून लागणार नाही. पण वाचायची जी विद्या लागते, ठिपक्याचा आकार, उन्हाचा कोन, परतणाऱ्या रंगांवरून वस्तू ओळखणं, तीच विद्या वरून काढलेल्या चित्रात संत्र्याची बाग आणि कापसाचं शेत वेगळं ओळखायला लागते. इस्रोचं मध्य विभागाचं सुदूर संवेदन केंद्र नागपुरात आहे. राज्याचं सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरात आहे. जमिनीचे, मातीचे नकाशे करणारं राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो अमरावती रोडला आहे. आकाशातून जमीन वाचणाऱ्या इतक्या संस्था एका गावात असताना आमची पोरं थर्माकोल कापतात.

दगडाच्या बाबतीतही हे गाव नशीबवान आहे. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती लाव्हा थिजून झालेल्या काळ्या बेसाल्टची. पूर्वेकडे सरकलं की त्याहून कितीतरी जुने खडक लागतात. आणि चंद्रावरचा ससा म्हणून आपण लहानपणी जे काळे डाग पाहिले तोही बेसाल्टच. समृद्धीने निघून मेहकरला उतरलं की लोणार. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, उल्केच्या आघाताने बेसाल्टमध्येच पडलेलं विवर. त्याच्या काठावर एकदा उभं राहून खाली पाहिलेला विद्यार्थी लॅपटॉपवरच्या विवराला पुन्हा फुगा म्हणत नाही. सहली मात्र वॉटर पार्कला जातात.

आता दुर्बिणीबद्दल, कारण सगळं संगणकावरच उरकायचं असं मी म्हणत नाही. मी नोकरीला होतो अशा एका कॉलेजात सहा इंची दुर्बीण होती. होती म्हणजे डेड स्टॉक रजिस्टरात होती. नळी, स्टँड, दोन नेत्रिका, सगळं पानावर नोंदलेलं. कपाटाची किल्ली प्रयोगशाळा परिचराकडे, बाहेर काढायला विभागप्रमुखांचं पत्र, काही फुटलं तर भरपाई काढणाऱ्याच्या पगारातून. त्यामुळे ती दरवर्षी एकदाच बाहेर यायची, स्टॉक तपासणीला. मोजायची, टिकमार्क करायचा, आत. एका वर्षी मी आरसा काढून पाहिला तर त्यावर बुरशीची नक्षी उमटली होती. त्या दुर्बिणीने शनी कधी पाहिलाच नसावा. कोणी चोर नव्हतं, कोणी आळशीही नव्हतं. वस्तू वापरली तर शिक्षा आणि सडवली तर काही नाही, असा नियम असला की माणसं सडवतात.

तरी आकाश पाहायची भूक लोकांना आहे. २ एप्रिल २०२२च्या संध्याकाळी विदर्भाच्या आभाळातून जळते गोळे सरकत गेले आणि सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची भलीमोठी रिंग पडली, तेव्हा अख्खं नागपूर गच्चीवर आलं होतं. व्हॉट्सॲपवर उल्का, क्षेपणास्त्र, परग्रहवासी, सगळं फिरून झालं. तो चिनी रॉकेटचा अवशेष असावा हे सांगितलं कोणी? कक्षेत काय काय फिरतंय याच्या खुल्या याद्या रोज वाचत बसणाऱ्यांनी. आणि काळोख जपायचा ठरवलं तर तोही जपता येतो. जानेवारी २०२४मध्ये आपल्या पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी-वाघोडाकडच्या गावांत दिव्यांची तोंडं खाली वळवली गेली. दिवे गेले नाहीत, फक्त खाली पाहायला लागले. शहरात आमच्या गल्लीतला हायमास्ट अजून आभाळालाच उजेड दाखवतो.

मग करायचं काय? माझ्या मागण्या लहान आहेत. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी, म्हणजे कामावरचं प्रशिक्षण, आणलेत आणि पोरं सर्टिफिकेटसाठी वणवण फिरतात. यानाच्या खुल्या नोंदींवरचं काम त्यात सरळ धरलं जावं. गांधीसागरासमोरचं रामन विज्ञान केंद्र आणि तारांगण शहरातल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. तिथे आठवड्यातून एक संध्याकाळ, एक खोली, दहा संगणक आणि कोणी तरी समजावणारा मिळावा. पावसाळ्यात चार महिने आभाळ झाकलेलं असतं तेव्हा तर हे फारच बरं. नोंदींवर ढग येत नाहीत. पोर्टलांची भाषा इंग्रजी आहे, म्हणून विद्यापीठाने पन्नास पानांची मराठी मार्गदर्शिका छापावी. कोन कुठला, ठिपका केवढा, फाइल कशी उघडायची, एवढंच. आणि विज्ञान प्रदर्शनाच्या परीक्षकांना माझी विनंती की यानाच्या मॉडेलला गुण देताना ‘पाहिलं काय?’ हा एक प्रश्न विचारा. दोन वर्षांत थर्माकोलचा खप पडेल. ज्यांचं नाव त्या केंद्राला आहे ते रामन, बरं का, तरुणपणी काही काळ नागपुरात सरकारच्या लेखा खात्यात अधिकारी होते. दिवसा हिशेब तपासायचे. विज्ञान हा तेव्हा त्यांच्या नोकरीचा भाग नव्हता.

धोंड्याचं राहिलंच. त्या दिवसानंतर चार दिवस काही कळलं नाही. मग रात्री साडेअकराला मोबाइल वाजला. गणित करणाऱ्या त्या मुलीचा मेसेज, सोबत वहीच्या पानाचा फोटो, खाडाखोड केलेला. “सर, तो ७५चा कोन जमिनीपासून नाही, सरळ वरून मोजतात. म्हणजे सूर्य फक्त १५ अंशावर होता. धोंडा ५.३६ मीटर आला. पण सर, जमीन खरंच सपाट होती हे कसं समजायचं? थोडी जरी उतार असली तं सावली लांब पडते न. बाजूचे दुसरे धोंडे पण मोजून राहिली.”